बिघडण्याचे वेळापत्रक

मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी संस्थेला सरकारचे पत्र मिळाले. संस्था उत्तम चालली आहे, सबब तिला मदत करता येत नाही, असे पत्रात कळवले होते.

पत्र मोठ्या बाईंनी उघडले. त्या संस्थेच्या चिटणीस. मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त होऊन त्यांना चौदा वर्षे झाली, तरी त्या भागात 'मोठ्या बाई' म्हटले की दुसरे कोणी डोळ्यांसमोर येत नाही. त्यांनी पत्र एकदा मनात वाचले, एकदा मोठ्याने वाचले, पेन्सिलने त्यात दोन स्वल्पविराम घातले आणि मग चष्मा काढून ठेवला.

संस्थेचे काम साधे होते. घरात कोणी आजारी पडले, हाड मोडले, म्हातारपणाने अंथरूण धरले, तर त्या घराला खाट, व्हीलचेअर, वॉकर, कुबड्या, हवेची गादी असे जे लागेल ते फुकट वापरायला द्यायचे आणि काम झाले की परत आणायचे. अकरा खाटा, चौदा व्हीलचेअर आणि बाकीचा पसारा एका दंतवैद्याच्या गॅरेजमध्ये राहत असे. दंतवैद्याकडे गाडी नव्हती, म्हणून गॅरेज रिकामे होते. आता त्यांच्याकडे दात तपासायची दुसरी खुर्ची येणार होती आणि तिला जागा हवी होती. महिनाअखेर गॅरेज रिकामे करून द्यावे, असे त्यांनी अत्यंत शरमून सांगितले होते. महिना संपायला अठरा दिवस उरले होते. अकरा खाटा कोणाच्या बैठकीत ठेवता येत नाहीत.

म्हणून तो अर्ज केलेला. सरकारने स्वयंसेवी संस्थांच्या सक्षमीकरणाची योजना काढली होती आणि तीत जुन्या टपाल कचेरीच्या इमारतीत तळमजल्यावरची एक खोली पाच वर्षांसाठी मिळणार होती. अर्जात वीस प्रश्न होते. प्रत्येकाला पाच गुण. गुण संस्थेने स्वतःच स्वतःला द्यायचे होते.

"एक्क्याण्णव," पत्रात डोकावत सिस्टर म्हणाल्या. "शंभरातले एक्क्याण्णव दिलेत तुम्ही, जाऊबाई."

सिस्टर म्हणजे बाईंची धाकटी जाऊ. तीस वर्षे त्यांनी इस्पितळात काढली होती. त्यांना घरातही सगळे सिस्टरच म्हणत, नवरासुद्धा.

"नऊ कापलेत ना," मोठ्या बाई म्हणाल्या.

"कशाबद्दल?"

"दार करकरतं, त्याचा एक. दोन कुबड्यांची रबरं झिजलीत, त्यांचे दोन. अध्यक्ष सभेत बोलत नाहीत, त्यांचे पाच."

"हे आठ झाले."

"एक असाच. पूर्ण मार्क मी कुणालाच देत नसते."

अध्यक्ष कोपऱ्यात बसून एका व्हीलचेअरची फाटलेली सीट शिवत होते. त्यांनी मान वर केली नाही. ते शिंपी होते. संस्थेच्या पहिल्या सभेत प्रत्येकाने कोणा ना कोणाच्या नावाला हरकत घेतली होती. यांनी कोणालाच घेतली नव्हती, एवढ्यावर ते अध्यक्ष झाले होते. चौदा वर्षांत त्यांनी सभेत 'मंजूर' याखेरीज फारसे काही उच्चारल्याची नोंद नाही.

"माझ्या पोराला चित्रकलेत नापास केलंत तेव्हा हात थरथरला नाही तुमचा," सिस्टर म्हणाल्या. "संस्थेवर मात्र माया."

"तुझ्या पोरानं काढलेला हत्ती ओळखू येत नव्हता."

"सोंड होती की."

"एवढी एकच गोष्ट होती त्याला."

हा वाद सत्तावीस वर्षे चालू होता आणि आजही तो पुढे गेला असता. पण चौथे सदस्य मोजणीदार यांनी पत्र उलटे करून मागची बारीक अक्षरे वाचायला घेतली. ते जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झाले होते. खिशात टेप आणि मनात शंका बाळगल्याशिवाय ते घराबाहेर पडत नसत.

"इथं नियम दिलेत," ते म्हणाले. "चाळीसच्या वर गुण म्हणजे संस्था सक्षम. तिला काही मिळत नाही. वीसच्या खाली म्हणजे निष्क्रिय. तिची नोंदणीच रद्द होते. वीस ते चाळीस म्हणजे सुधारणायोग्य. खोली त्यांना."



"आणि आक्षेप असेल तर अर्ज करा, अधिकारी स्वतः येऊन गुण देतील, असंही आहे," मोजणीदारांनी पुढे वाचले.

"आक्षेप कसला घ्यायचा? आम्हाला मार्क जास्त पडले म्हणून?" बाईंनी विचारले.

"घ्यायला काय हरकत आहे? तसा कुणी घेतला नसेल, एवढंच."

"मी खोटं लिहिणार नाही," बाई म्हणाल्या. "एक्क्याण्णवच्या संस्थेला तीस मार्क मी देऊ शकत नाही. हे आधीच सांगून ठेवते."

मोजणीदारांनी पत्राची घडी घातली. "खोटं कशाला लिहायचं? अधिकारी येतील त्या दिवशी संस्था खरोखरच तीस मार्कांची असली म्हणजे झालं."

बाईंनी यावर बराच विचार केला. त्यांच्या चेहऱ्यावर प्रथम संताप होता, मग नापसंती, आणि अखेरीस जे होते ते शाळेच्या स्नेहसंमेलनाची जबाबदारी अंगावर पडल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर येत असे.

"खरोखर बिघडायचं," त्या म्हणाल्या. "नाटक नाही."

"नाटक नाही."

"मग ते नीट बिघडलं पाहिजे."

आक्षेप त्याच दिवशी गेला. अधिकारी पुढच्या गुरुवारी सकाळी अकरा वाजता येतील, असे उत्तर आले. बुधवारी दुपारी बाईंनी आखीव कागदावर वेळापत्रक तयार केले. अकरा वाजता गॅरेजची किल्ली सापडणार नव्हती. अकरा पाचला नोंदवही सापडणार नव्हती. ती अध्यक्षांच्या शिवणयंत्राखाली असणार होती. अकरा दहाला अध्यक्ष विषय सोडून भाषण करणार होते. मोजणीदार अकरा वीसला, म्हणजे वीस मिनिटे उशिरा, येणार होते. अकरा पंचवीसला चिटणीस आणि सिस्टर यांचा वाद होता. त्यापुढे कंसात 'सौम्य' असे लिहिले होते. अकरा चाळीसला चहा होता. तो गार असायचा होता.

तालमीत अडचणी आल्या. सिस्टरनी दोन वॉकर वाटेत आडवे टाकले, एक खाट तिरकी केली आणि कुबड्यांचा ढीग घातला. बाई लांब उभ्या राहून पाहत होत्या.

"एवढं नको. वीसच्या खाली जाऊ," त्या म्हणाल्या. "खाट सरळ कर."

"सरळ केली तर पस्तिसावर जातं. वॉकर तरी राहू देत."

"वॉकर राहू देत. पण समांतर का ठेवलेस? पडलेली वस्तू समांतर पडत नाही."

"तीस वर्षं वॉर्ड सांभाळलाय मी. माझ्या हातून वाकडं ठेवलं जात नाही," सिस्टर म्हणाल्या, आणि त्या खरेच हतबल दिसत होत्या.

शेवटी ते वॉकर अध्यक्षांनी पायाने ढकलून दिले. मोजणीदारांनी किंमत लावली: पसारा वजा सहा, वही वजा आठ, उशीर वजा पाच. सगळे जमेला धरून आकडा तीसवर येत होता. दोन्ही बाजूंना दहा-दहाचे अंतर सुरक्षित आहे, असे त्यांनी सांगितले.

"मी काय बोलू?" अध्यक्षांनी विचारले. सगळ्यांनी वळून पाहिले.

"काहीही असंबद्ध," बाई म्हणाल्या. "दहा मिनिटं. संस्थेच्या कामाशी संबंध नको."

"मला दुसरं काही येत नाही," अध्यक्ष म्हणाले. पण तोवर बाई पुढच्या ओळीकडे वळल्या होत्या.

गुरुवारी अधिकारी दहा बेचाळीसला आल्या. पस्तिशीच्या बाई, खांद्याला पिशवी, हातात गुणपत्रक. रस्ता मोकळा मिळाला, म्हणाल्या. त्या वेळी गॅरेजचे दार सताड उघडे होते आणि किल्ली बाईंच्या हातात होती. ती लपवायला त्या नुकत्याच निघाल्या होत्या. अशा रीतीने पहिला कार्यक्रम रद्द झाला.

"बसा, मॅडम," बाईंनी खुर्ची पुढे केली. खुर्ची स्वच्छ होती, कारण सिस्टरनी ती सवयीने दोनदा पुसली होती.

"नोंदवही बघू या आधी?"

"ती सापडत नाही," बाई म्हणाल्या. आयुष्यात त्यांनी पहिल्यांदाच अशी कबुली दिली. अधिकाऱ्यांनी काहीतरी लिहिले. बाईंनी त्यांच्या पेनाच्या हालचालीवरून अंदाज घेतला. तो एकच्या आकड्यासारखा वाटला. कामाची सुरुवात चांगली झाली होती.

अधिकारी लवकर आल्या होत्या, म्हणून अध्यक्षही अकरालाच उठले. बोटातले शिवणकामाचे अंगुस्तान काढून त्यांनी खिशात ठेवले.

"ती निळी सीट," ते समोरच्या व्हीलचेअरकडे बोट करून म्हणाले, "ती मी सहा वेळा शिवलीय. पहिल्यांदा एक ट्रकड्रायव्हर बसत होते त्यात. दोन्ही पाय गेले होते. हात फार दांडगे. दर महिन्याला डावी शिवण उसवायची, कारण ते डावीकडे वाकून मुलीची वेणी घालायचे. मग मी डावीकडे दुहेरी कापड लावलं. आता जे कोण बसतं त्याला ते टोचतं, म्हणून ते काढायला पाहिजे. पण काढवत नाही."

अधिकाऱ्यांचे पेन थांबले. अध्यक्षांनी दुसरी खुर्ची घेतली, मग तिसरी. चौदा वर्षांचा साठा होता आणि घाई त्यांना कधीच नव्हती. प्रत्येक सीटवर कोण बसले, कोणाची पाठ कुठे दुखत होती, कोणाला उशी कमी पडली, कोण बरे होऊन चालत खुर्ची परत द्यायला आले, हे सगळे त्यांना शिवणींवरून आठवत होते.

"हे असंबद्ध आहे का?" सिस्टरनी बाईंच्या कानात विचारले.

"नाही," बाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा काढून पुसला. "पाच मार्क कापले होते मी यांचे."

भाषण तिसऱ्या खुर्चीवर असताना दारात बेकरीवाल्यांची सून उभी राहिली. तिला धाप लागली होती. "मोठ्या बाई, सासऱ्यांना इस्पितळातून बारा वाजता सोडतायत. खुब्याचं ऑपरेशन झालंय. घरी साधी खाट आहे, ती बुटकी आहे, त्यावरून त्यांना उठता येणार नाही म्हणतात. मला कुणी आधी सांगितलंच नाही."

वेळापत्रकात हे नव्हते. क्षणभर बाईंनी अधिकाऱ्यांकडे पाहिले, हातातल्या कागदाकडे पाहिले, आणि मग पुढचे सगळे त्यांच्या इच्छेविरुद्ध घडल्यासारखे घडले.

"सात नंबरची खाट शनिवारी परत आलीय, तिची उंची वर-खाली करायची कळ सिस्टरनी तपासलीय," त्या नोंदवहीशिवाय म्हणाल्या. "ती घे. नऊ नंबर उंच आहे, पण तिचं चाक अडतं."

"वजन किती सासऱ्यांचं?" सिस्टर पुढे झाल्या. "कुशीवर वळतात? पाठीला कुठं लाल झालंय? बघितलं नाहीस? घरी गेल्यावर आधी बघ. हवेची गादीपण ने. आणि कमोडची खुर्ची ने, आज नको वाटलं तरी रात्री लागेल."

"जिन्यानं जाईल का हो खाट? तिसरा मजला आहे," सुनेने विचारले.

यावर उत्तर रस्त्याच्या पलीकडून आले. समोरच्या औषधांच्या दुकानाच्या पायरीवर मोजणीदार हातात घड्याळ धरून उभे होते. अकरा तेरा झाले होते आणि त्यांना यायला अजून सात मिनिटे अवकाश होता.

"बेकरीचा जिना एकतीस इंच आहे," ते तिथूनच ओरडले. "वळणावर अठ्ठावीस. खाट उभी न्या, पायाकडची बाजू खाली. दांडे आधी काढा."

"ते कोण?" अधिकाऱ्यांनी विचारले.

"आमचे सदस्य," बाई म्हणाल्या. "ते अजून आलेले नाहीत."

पण खाट टेम्पोत चढेना, तेव्हा मोजणीदारांना राहवले नाही. ते रस्ता ओलांडून आले, दांडे काढले, खाट चढवली आणि टेम्पोतून तिच्याबरोबरच निघून गेले. सुनेने सही केली ती बाईंनी फाडून दिलेल्या कागदावर. तोच कागद बाईंनी टाचणीने भिंतीवर लावला आणि त्यावर वेळ टाकली. अकरा सव्वीस.

"जाऊबाई, वाद," सिस्टर हळूच म्हणाल्या. "एक मिनिट उशीर झालाय."

"आता नको."

"वेळापत्रकात आहे."

"मी सांगते, नको."

"हे तुमचं नेहमीचंच. कागद तुम्हीच करायचा आणि तुम्हीच मोडायचा. आम्ही काय नुसत्या माना डोलवायच्या?"

"सिस्टर, आवाज."

"सौम्यच आहे. सत्तावीस वर्षं सौम्यच आहे. सोंड होती त्याला, चार पाय होते, शेपूटही होती…"

"शेपूट पुढं होती," बाई म्हणाल्या.

अधिकाऱ्यांनी गुणपत्रकावरून नजर उचलली. "कोणाची शेपूट?"

 अधिकारी मॅडम उठल्या, गॅरेजमधून एक फेरी मारली, वाटेतले दोन वॉकर उचलून भिंतीला लावले आणि बाईंसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"एकच विचारते. आत्ता ती बाई आली आणि तेरा मिनिटांत खाट घेऊन गेली. हे नेहमी असंच होतं का?"

सिस्टरनी बाईंचा पदर मागून ओढला. अध्यक्षांनी सुईत दोरा ओवणे थांबवले. प्रश्न सरळ होता आणि त्याचे एका शब्दाचे उत्तर खोली मिळवून देणार होते. तो शब्द अर्जातल्या रकान्यात लिहायचा नव्हता, नुसता बोलायचा होता. 

"नाही," त्या म्हणाल्या.

सिस्टरनी पदर सोडला.

"नेहमी नोंदवही जागेवर असते," बाई पुढे म्हणाल्या, "त्यामुळे नऊ मिनिटांत होतं."

मग जे व्हायचे ते झाले. अधिकाऱ्यांनी बाईंच्या हातातला कागद मागितला, बाईंनी दिला. त्यांनी तो पहिल्यापासून वाचला. 'वाद (सौम्य)' आणि 'चहा (गार)' या ओळींपाशी त्या जरा रेंगाळल्या.

"हे तुम्ही केलंत?"

"हो. आणि मी खोटं बोलणार नव्हते. एक दिवस खरंच बिघडायचं ठरलं होतं. जमलं नाही."

"मी आतापर्यंत बावीस संस्था बघितल्या," अधिकारी म्हणाल्या. "दिवसभराचं लेखी नियोजन असलेली ही पहिलीच."

त्यांना हसू आले की नाही, हे कोणालाच ठरवता आले नाही. चहा आला, तो सिस्टरनी गरम करून आणला होता. अकरा पन्नासला मोजणीदार घामाघूम होऊन परतले, दारात उभे राहिले आणि जबाबदारीने म्हणाले, "मी उशिरा आलोय."

सोमवारी निकाल आला. शहाण्णव.

"पाच जास्त," बाई म्हणाल्या. "मी असते तर दिले नसते."

पत्राला दुसरे पान होते. इतक्या सक्षम संस्थेचा लाभ इतरांनाही व्हावा, म्हणून तिला मार्गदर्शक संस्था म्हणून घोषित करण्यात येत होते. तिच्याकडे एक सुधारणायोग्य संस्था सोपवण्यात आली होती. मार्गदर्शन करायचे आणि दर तीन महिन्यांनी तिला गुण द्यायचे. त्या संस्थेचे नाव दंतआरोग्य प्रबोधन मंडळ.

ते नाव कोणीच ऐकलेले नव्हते. पाच मिनिटांनी वरच्या दवाखान्यातून दंतवैद्य खाली आले. त्यांच्या हातातही एक पत्र होते आणि गॅरेज मागताना शरमले होते त्याहून ते अधिक शरमलेले दिसत होते.

"बाई, ते मंडळ माझं आहे," ते म्हणाले.

"तुमचं मंडळ आहे?"

"आहे म्हणजे नोंदणी आहे. मी, बायको आणि मेहुणा. सहा वर्षांपूर्वी एक शिबिर घेतलं होतं आम्ही. म्हणजे घेणार होतो, ते पुढं ढकललं. तुमचा अर्ज बघून म्हटलं, आपणही भरावा. मी तेरा लिहिणार होतो. बायको म्हणाली, एवढंही काही वाईट नाही. मग सत्तावीस लिहिले."

"मग?"

"खोली मिळाली." त्यांनी खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली. "तिचं मला काय करायचं ते कळत नाहीये."

चार जणांनी आधी किल्लीकडे पाहिले आणि मग खाटांकडे.

महिना संपायच्या दोन दिवस आधी खाटा जुन्या टपाल कचेरीत गेल्या. मोजणीदारांनी आधीच मापे घेतली होती. सगळे मावून चार इंच उरले. दारावर पाटी मंडळाची आणि आत सामान संस्थेचे. गॅरेजमध्ये दात तपासायची दुसरी खुर्ची आली. असे सगळे सुरळीत झाले असताना मोजणीदारांनी पत्राचे दुसरे पान उलटे केले.

"मंडळाला चाळीसच्या वर गुण पडले तर खोली पंधरा दिवसांत सोडायची," त्यांनी वाचले. "वीसच्या खाली गेले तर मंडळच बंद. खोली तेव्हाही जाते."

"म्हणजे त्यांनी सुधारायचंही नाही आणि बिघडायचंही नाही," सिस्टर म्हणाल्या.

"आहेत तिथंच राहायचं. पाच वर्षं."

"मग तसं सांगा त्यांना, जाऊबाई. काही करू नका म्हणावं. सहा वर्षं तेच करतायत, त्यांना जड जाणार नाही."

"माझ्याकडे मार्गदर्शन दिलंय," बाई म्हणाल्या. "काही करू नका, हे मार्गदर्शन नव्हे."

पहिल्या सभेत दंतवैद्य घाबरून बसले होते. बाईंनी त्यांना इतिवृत्त कसे लिहावे ते दाखवले. दुसऱ्या सभेला ते स्वतः लिहून घेऊन आले. तिसऱ्या सभेला त्यांची बायकोही आली आणि तिने मेहुण्याला काढून त्याच्या जागी दोन शिक्षिका घेण्याचा ठराव मांडला. सिस्टरनी त्यांना लहान मुलांना न रडवता त्यांचे तोंड कसे उघडावे हे शिकवले. मोजणीदारांनी कोणत्या शाळेच्या कोणत्या व्हरांड्यात किती बाक बसतील याचा नकाशा करून दिला. हे सगळे थांबवावे, असे ज्याच्या त्याच्या मनात रोज येत असे. पण काम समोर आल्यावर ते मनात राहत नसे. शिबिरे तीन झाली. दंतवैद्यांचा दवाखाना दुपारी बंद राहू लागला आणि ते रस्त्यात भेटणाऱ्यांना थांबवून त्यांच्या दाढांची चौकशी करू लागले.

"जरा सावकाश घ्या, डॉक्टर," मोजणीदारांनी एकदा सुचवून पाहिले.

"आता नाही थांबवत," दंतवैद्य म्हणाले. "चौदा वर्षं मी तुम्हा लोकांना खाली ये-जा करताना बघत होतो. मला वाटायचं, यांना दुसरं काम नाही."

तीन महिने शुक्रवारी संपत होते. कार्यालय पाच वाजता बंद होते आणि गुणपत्रक त्याआधी पोचायला हवे होते. दुपारी साडेतीनला बाई खोलीत टेबलाशी बसल्या. आठ खाटा आजाऱ्यांच्या घरी होत्या, तीन भिंतीला लावलेल्या, पण त्याही तीन घरांना कबूल केलेल्या. चौथी मागायला सकाळी दोघे येऊन गेले होते, त्यांना सोमवारी या म्हटले होते. बाईंनी एकोणीस प्रश्नांना गुण दिले, दोनदा बेरीज केली. जिथे अर्ध्या गुणाची शंका होती तिथे त्यांनी कमी दिला होता आणि तसा त्यांना अधिकारही होता. बेरीज अडतीस झाली.

विसावा प्रश्न पुढील वर्षाच्या लेखी नियोजनाचा होता. दंतवैद्यांनी ते अकरा पानांचे करून दिले होते. दोन रंगांची शाई, प्रत्येक पानाला समास, शेवटी शाळांची यादी आणि पावसाने शिबिर बुडाले तर काय करायचे याचे वेगळे पान.

"एक द्या," सिस्टर म्हणाल्या.

"हे एकाचं काम आहे का? तूच बघ."

सिस्टरनी दोन पाने चाळली आणि कागद परत ठेवला. "मला विचारू नका," त्या म्हणाल्या.

"दोन दिले तर चाळीस होतात," मोजणीदार म्हणाले. "चाळीस चालतात. चाळीसच्या वर, असा शब्द आहे. मी बघितलंय."

"याला चार आहेत," बाई म्हणाल्या. "मनात आलं तर साडेतीन. दोन नाहीत."

"मग मनात आणा."

अध्यक्ष खिडकीशी बसून एक सीट उसवत होते. "दोन खाटा मी दुकानात ठेवून घेईन," ते म्हणाले. "गिऱ्हाईक उभं राहील."

"आणि नऊ?" मोजणीदारांनी विचारले. अध्यक्षांनी पुढची शिवण उसवायला घेतली.

चार वाजून चाळीस मिनिटांनी विसावा रकाना कोरा होता. पेन्सिलीला टोक केलेले होते. कार्यालय चालत बारा मिनिटांवर असल्याचे मोजणीदारांनी दोन वेळा सांगितले होते. दारात दंतवैद्य उभे होते. ते आत आले नाहीत. अकराव्या पानावरचा पावसाचा तक्ता बाईंनी पाहिला का, एवढेच त्यांनी उंबऱ्यावरून विचारले. "पाहिला. चारांतला एकही कापवत नाही," बाई म्हणाल्या आणि त्यांनी पेन्सिल उचलली.